जिराफाची मान आणि माणसांची रांग

उत्क्रांतीचा धडा शिकवून झाला आणि परीक्षेत त्यावर प्रश्न विचारला, की काही वाक्ये उत्तरपत्रिकांत हमखास भेटतात. 'जिराफाला उंच झाडांची पाने खायची होती म्हणून त्याची मान लांब झाली.' प्रश्न निवडुंगाचा असेल तर 'पाणी वाचवण्यासाठी निवडुंगाने पानांचे काटे केले.' आणि प्रश्न रोगजंतूंचा असेल तर 'जंतूंना औषधाची सवय झाली.' तपासणारा शिक्षक अशा उत्तरापाशी क्षणभर थांबतो, अर्धा गुण कापतो आणि पुढच्या उत्तराकडे वळतो. शब्द सगळे पुस्तकातलेच असतात, त्यामुळे पूर्ण चूक म्हणवत नाही आणि पूर्ण बरोबरही म्हणवत नाही.

आमच्या मते ही चूक मुलांच्या पदरात टाकण्यासारखी नाही. ज्या चित्रांनी आणि ज्या वाक्यांनी हा धडा वर्षानुवर्षे सांगितला जातो, त्यांतून दुसरे उत्तर निघणेच कठीण आहे. म्हणून या वेळी मुलांच्या उत्तरांऐवजी धड्याचीच तपासणी करावी असे आम्ही ठरवले. धडा म्हणजे कोणतेही एक पुस्तक नव्हे. पाठ्यपुस्तके, बाजारातली मार्गदर्शके, प्रयोगशाळेच्या भिंतीवरचे तक्ते आणि आपण स्वतः फळ्यासमोर उभे राहून जे बोलतो ते, हे सगळे आम्ही यात धरतो.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. धडा असणे हे नसण्यापेक्षा कितीतरी बरे. एनसीईआरटीने करोनाकाळात अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ च्या नव्या छापील पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' एवढेच उरले. देशभरातील १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी एका पत्रावर सह्या करून त्याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती राहिली हे खरे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांच्या कानांवर तो शब्द पडणार कधी? महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकाचा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे, ही आपल्या जमेची बाजू. शिवाय अशा धड्यांतला पुराव्यांचा भाग सहसा चांगला असतो. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव यांतल्या हाडांची सारखी मांडणी, माणसातले माकडहाड, जीवाश्म, गर्भाच्या अवस्था हे सारे मुलांना पटते. उत्क्रांती झाली, एवढे त्यावरून कळते. अडचण येते ती 'कशी झाली' या प्रश्नापाशी, आणि तेथेच जिराफ उभा असतो.

जिराफाचे चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. वरच्या पट्टीत लामार्क: जिराफ मान ताणतो आहे, पुढच्या चित्रात मान जरा लांब, त्यापुढे आणखी लांब. खालच्या पट्टीत डार्विन: काही जिराफ आखूड मानेचे, काही लांब मानेचे, आखूड मानेचे उपाशी मरतात, लांब मानेचे उरतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या या दोन पट्ट्यांनी दोन सिद्धांतांतला फरक स्पष्ट होतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात काय होते? वरच्या पट्टीत एक नायक आहे, त्याला अडचण आहे, तो कष्ट करतो आणि त्याला फळ मिळते. ही गोष्ट झाली. खालच्या पट्टीत कुणीच काही करत नाही. काही मरतात, काही उरतात. परीक्षेच्या वेळी मुलाला कोणती पट्टी आठवेल हे सांगायला नको.

या चित्राचा इतिहासही तपासण्यासारखा आहे. लामार्कच्या १८०९ सालच्या ग्रंथात जिराफ येतो तो एका लहानशा परिच्छेदापुरता. आणि डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९ सालच्या पहिल्या आवृत्तीत जिराफाच्या ज्या अवयवाचा निवडीच्या अंगाने विचार केला आहे, तो आहे त्याची शेपूट! माश्या हाकलण्याच्या त्या चवरीसारख्या शेपटीचा उपयोग काय, याची डार्विनने चर्चा केली आहे. मान कशी लांब झाली असेल याचे स्पष्टीकरण १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत आले, तेही एका टीकाकाराला उत्तर देताना. जिराफाची मान घेऊन लामार्कविरुद्ध मुद्दा मांडला होता तो आल्फ्रेड रसेल वॉलेसने, १८५८ सालच्या आपल्या निबंधात. म्हणजे दोन पट्ट्यांचा हा सामना नंतरच्या पुस्तककारांनी लावलेला आहे. त्यात 'लामार्क हरला, डार्विन जिंकला' हा निकालही पुरता खरा नाही. वापराने अवयव बदलतो आणि तो बदल संततीत उतरू शकतो, असे डार्विनही काही प्रमाणात मानत होता. आनुवंशिकतेचे नियम त्याच्या हाती नव्हते. मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला, पण त्याचे महत्त्व जगाला कळले ते १९०० साली.

आणि खुद्द मानेबद्दल आज काय म्हणतात? उंचावरची पाने हे कारण आपण जितके निर्विवाद मानतो तितके ते नाही. १९९६ साली रॉबर्ट सिमन्स आणि लू शीपर्स यांनी दाखवून दिले, की कोरड्या हंगामात जिराफ पुष्कळदा खांद्याच्या उंचीवरचा पाला खातात. नर मात्र एकमेकांशी मानेचे तडाखे देत झुंजतात, तेव्हा लांब आणि जड मान ही झुंजीसाठी निवडली गेली असेल. उलट, २००७ साली कॅमेरॉन आणि दु तुआ यांनी झाडांना कुंपणे घालून लहान प्राण्यांना दूर ठेवले आणि पाहिले, की खालचा पाला लहान प्राणी ओरबाडून नेतात म्हणून वर खाणाऱ्याचा फायदा होतो. वाद चालू आहे, आणि तो चालू आहे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या उदाहरणावर तज्ज्ञांचे एकमत नाही आणि ज्यात पिढ्यांमागून पिढ्या मान मोजलेली कुणीच नाही, ते आपण धड्याचे मुख्य उदाहरण का करावे? हाडांची संख्या तेवढी मुलांना जरूर सांगावी. जिराफाच्या मानेत सात मणके असतात, आपल्याही मानेत सातच. उंदराच्या मानेतही सात.

चित्राइतकीच अडचण भाषेची आहे. आपले मराठी क्रियापद कर्ता मागते. 'निवडुंगाने काटे केले', 'बेडकाने रंग बदलून घेतला', 'माशांनी पाण्याबाहेर यायचे ठरवले' असे आपण सहज बोलून जातो. विज्ञानकथा रंगवताना तर जास्तच. त्यात 'साठी' हा शब्द फार घातक आहे. 'पाणी वाचवण्यासाठी काटे' यात हेतू आला, आणि हेतू आला की त्यामागे हेतू बाळगणारा आला. 'ज्या झाडांची पाने लहान व काट्यासारखी होती त्यांचे पाणी कमी गेले, ती अधिक जगली, त्यांचे बी अधिक पडले' हे वाक्य लांबलचक आहे, कंटाळवाणेही आहे, पण खरे आहे. आम्ही असे सुचवू, की या एका धड्यापुरता शिक्षकांनी 'साठी'चा उपवास करावा. पहिल्या दोन तासिकांत जीभ अडखळते, नंतर सवय होते.

'उत्क्रांती' या शब्दातही एक पायरी लपलेली आहे. 'उत्' म्हणजे वर, आणि 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. शब्द ऐकताच मनात चढण उभी राहते. गंमत अशी, की डार्विन स्वतः जो शब्दप्रयोग अधिक करी त्याचा अर्थ 'बदल होत होत उतरत आलेली वंशपरंपरा' असा आहे. त्याच्याकडे उतरणे, आपल्याकडे चढणे! शब्द बदलावा असे आम्ही म्हणत नाही, रुळलेले शब्द बदलत नसतात. फक्त वर्गात एकदा हे सांगून टाकावे.

मिळवलेला गुण वारशाने जात नाही हे शिकवताना लोहाराचे दंड आणि उंदरांच्या कापलेल्या शेपट्या येतात. आपल्या घरात त्याहून चांगले उदाहरण आहे. आपल्याकडे कित्येक पिढ्या मुलींचे कान टोचत आल्या आहेत, तरी कुणाही बाळाचे कान जन्मतः टोचलेले नसतात. दर पिढीत सोनारालाच बोलवावे लागते. मुले हसतात आणि मुद्दा लक्षात ठेवतात.

पण एवढ्याने भागत नाही. मिळवलेला गुण उतरत नाही हे कळले, तरी 'गरज पडली की आतूनच योग्य तो बदल होतो' ही समजूत शाबूत राहते. तिला हलवणारा प्रयोग जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ साली प्रसिद्ध केला. तो इतका सोपा आहे, की धड्यात त्याला जागा का नाही याचे आम्हाला नवल वाटते. एका बशीत जिवाणूंच्या शेकडो वसाहती वाढवल्या. या बशीला औषधाचा स्पर्शही नव्हता. मग एका गोल ठोकळ्यावर मखमलीचे कापड ताणून बसवले आणि शिक्का उमटवावा तसे ते बशीवर दाबले. मखमलीच्या लवेला प्रत्येक वसाहतीतले थोडे थोडे जिवाणू चिकटले. हाच शिक्का स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या दुसऱ्या बश्यांवर उमटवला. तेथे जवळजवळ सगळे मेले, एखाददुसऱ्या ठिकाणी वसाहत वाढली. खुबी अशी, की सर्व बश्यांवर ती एकाच जागी वाढली! औषध भेटल्यानंतर जिवाणू बदलत असते तर प्रत्येक बशीत वेगवेगळ्या जागी वाढते. मग मूळ बशीकडे परत जाऊन त्या जागेवरचे जिवाणू घेतले. त्यांनी औषध कधीच पाहिलेले नव्हते, तरी त्यांच्यात औषधाला दाद न देणारे जिवाणू होते. म्हणजे बदल आधी होता, औषध नंतर आले. औषधाने काही घडवले नाही, फक्त निवडले. 'जंतूंना औषधाची सवय झाली' हे वाक्य चूक का, ते मखमलीच्या या तुकड्याने दाखवले.

आता भिंतीवरच्या दुसऱ्या चित्राकडे वळू. डावीकडे वाकलेला वानर, मग जरा ताठ, मग आणखी ताठ, शेवटी उजवीकडे ताठ मानेने चालणारा आधुनिक माणूस. हे चित्र मुळात रुडॉल्फ झॅलिंजर या चित्रकाराचे. १९६५ साली निघालेल्या 'अर्ली मॅन' या क्लार्क हॉवेल यांच्या पुस्तकात ते घडी घातलेल्या लांब पानावर होते. घडी उघडली की पंधरा आकृत्या दिसत, मिटली की सहाच. जगाच्या लक्षात राहिली ती मिटलेली घडी. पुढे जाहिरातींनी, व्यंगचित्रांनी आणि आपल्या तक्त्यांनी तीच उचलली.

या रांगेतल्या एका गड्याची हकिकत आपल्याला जवळची आहे. त्याचे नाव रामापिथेकस. १९३० च्या दशकात शिवालिक टेकड्यांतल्या जबड्याच्या तुकड्यावरून हे नाव रामावरून ठेवले गेले. १९६० च्या दशकात तो माणसाचा थेट पूर्वज मानला जाई, म्हणून रांगेत त्याला जागा मिळाली. नंतर अधिक चांगले जीवाश्म, विशेषतः चेहऱ्याचा भाग, मिळाले आणि १९८० च्या दशकात उलगडा झाला, की रामापिथेकस हा शिवापिथेकसमध्येच मोडतो आणि त्याचे नाते आहे ओरांगउटानच्या शाखेशी. म्हणजे रांगेतला एक जण प्रत्यक्षात शेजारच्या गल्लीतला निघाला. तरी शालेय आकृत्यांतून हे नाव अजून पुरते गेलेले नाही. निअँडरथल माणसाचेही तसेच. तक्त्यावर तो आपल्या मागे उभा असतो, जणू तो संपला आणि आपण सुरू झालो. प्रत्यक्षात हजारो वर्षे तो आणि आपले पूर्वज एकाच काळात नांदत होते. २०१० साली त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा दिसले, की आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे आपल्यातही, त्याचा थोडा अंश उतरला आहे. या संशोधनाचे प्रमुख स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रांगेच्या चित्राची खरी किंमत आपण वेगळ्याच ठिकाणी मोजतो. 'बाई, माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडे माणूस का होत नाहीत?' हा प्रश्न दरवर्षी एक तरी मूल विचारते. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे केंद्रातील एका राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले, की वानराचा माणूस होताना कुणी पाहिलेले नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून काढावा. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून निवेदन काढून ते खोडून काढले, आणि ते योग्यच झाले. आम्हाला मात्र एक गोष्ट बोचते. मंत्र्यांच्या बोलण्यात जी उत्क्रांती होती, म्हणजे एका वानराचे पावलापावलाने माणूस होणे, ती त्यांनी कोठून घेतली असेल? भिंतीवरचा तक्ता तरी दुसरे काय सांगतो?

प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर द्यायला आपल्या भाषेत साधन तयार आहे. नात्यांसाठी मराठीत शब्दांची काही कमतरता नाही. तुझा चुलतभाऊ तुझा बाप नव्हे. तुम्हा दोघांचे आजोबा एक. तू शहरात आलास म्हणून गावाकडचा चुलतभाऊ नाहीसा होत नाही, आणि तो अजून गावी का राहतो असे कुणी विचारत नाही. चिंपांझी आपला पणजोबा नाही, फार लांबचा चुलतभाऊ आहे. त्याचा आणि आपला समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो आजच्या चिंपांझीसारखाही नव्हता, आपल्यासारखाही नव्हता. डार्विनने १८३७ साली आपल्या वहीत काढलेले रेखाचित्र फांद्या फुटलेल्या झाडाचे होते, आणि 'ओरिजिन'मध्ये जे एकच चित्र आहे तेही फांद्यांचेच. रांग त्याने कोठेच काढलेली नाही.

'सर्वांत योग्य तो टिकतो' या वाक्याविषयी थोडक्यात. ते मूळचे हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ सालचे. डार्विनने ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतले. आपल्याकडे त्याचा वर्गातला अनुवाद 'बळी तो कान पिळी' असा होतो, आणि मग उत्क्रांती म्हणजे दांडगाई असे मुलांच्या मनात बसते. येथे योग्य म्हणजे ज्याची संतती पुढच्या पिढीत अधिक उरते तो. दुष्काळात कमी खाणारा लहानसा प्राणी धष्टपुष्ट प्राण्याहून योग्य ठरू शकतो. इतके सांगितले तरी पुरे.

तर मग धड्यात नाही काय? मोजमाप नाही. आणि समूह नाही. आपण 'जिराफ' म्हणतो, 'जिराफांचा कळप' म्हणत नाही. सगळी गोम तेथे आहे. एकटा प्राणी जन्मभर तोच राहतो. बदलते ते समूहातले प्रमाण. हे दिसावे असे उदाहरण हवे असेल तर ते गॅलापागस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या बेटावर आहे. अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान असलेल्या या खडकाळ बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून काही दशके फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. पक्षी पकडायचा, चोच मोजायची, पायात कडे घालायचे आणि सोडून द्यायचे, असे त्यांचे काम. आईबापांच्या चोची जाड असल्या तर पिलांच्याही जाड असतात, हेही त्यांच्या गटाने मोजून दाखवले.

१९७७ साली तेथे दुष्काळ पडला. पावसाळ्यात जेमतेम २४ मिलिमीटर पाऊस झाला. लहान, मऊ बिया लवकर संपल्या आणि उरली ती मोठी, टणक फळे. त्यांत एक होते आपल्या ओळखीचे, सराट्याच्या म्हणजे गोखरूच्याच जवळच्या जातीचे. अनवाणी चालताना सराटा ज्याच्या पायात रुतला आहे, त्याला त्या फळाची टणकाई सांगायला नको. मध्यम आकाराच्या भूचर फिंचपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. जे जगले त्यांच्या चोचीची जाडी सरासरीने सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक होती, कारण जाड चोचीच्या पक्ष्यांना सराटे फोडता येत होते. कुणाही पक्ष्याने चोच वाढवून घेतली नाही. ज्याची जशी होती तशीच राहिली. पातळ चोचीचे गेले म्हणून सरासरी बदलली, आणि पुढच्या वर्षीच्या पिलांच्या चोचीही आधीच्या पिढीहून जाड निघाल्या.

गोष्ट येथे संपवली तर पुन्हा चढणीचेच चित्र उभे राहील. म्हणून पुढचे सांगितलेच पाहिजे. १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे बेटावर मुसळधार पाऊस झाला, लहान बियांची झाडे माजली आणि सराट्याची झुडपे वेलींखाली दबली. त्यानंतरच्या टंचाईत लहान चोचीचे पक्षी अधिक टिकले आणि सरासरी उलट दिशेने सरकली. मग 'प्रगती' कोणती, जाड चोच की बारीक? या प्रश्नावर वर्गात पाच मिनिटे गप्प बसून मुलांना बोलू द्यावे.

गॅलापागस फार दूर वाटत असेल, तर कपाशीचे शेत आहेच. विदर्भ-मराठवाड्यातल्या शिक्षकांना ही कथा आमच्याहून चांगली माहीत आहे. बोंडअळीला मारणारे जिवाणूजन्य विष कपाशीच्या झाडातच तयार व्हावे, अशी बीटी कपाशी भारतात २००२ साली आली. दोन जनुके असलेले वाण २००६ साली आले. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे २०१० साली गुजरातेत जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात दोन जनुकांचे वाण असूनही विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडे पोखरून काढली. तेव्हाचे बोलणे आठवून पाहा: 'अळीला बीटीची सवय झाली', 'अळीने ताकद कमावली'. म्हणजे पुन्हा जिराफच.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे एक लहान पाकीट येत असे. त्यात बीटी नसलेले बियाणे असे, आणि ते शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्रावर, यांतले जे अधिक भरेल तेवढे, लावायचे अशी अट होती. बहुतेकांनी ते लावले नाही. आपण होऊन अळीला खायला घालायचे, हे कोणाला पटणार? 'अळीला सवय होते' असे मानणाऱ्याला ते पटण्याचे कारणच नाही. उलट, सवय होऊ द्यायची नसेल तर सगळीकडे बीटी लावून अळीचा नायनाटच करावा, हे त्याला तर्कशुद्ध वाटेल.

लेडरबर्गांची मखमल ज्याला समजली आहे तो मात्र वेगळा विचार करील. समूहात बीटीला पुरून उरणाऱ्या थोड्या अळ्या आधीपासून आहेत. सगळीकडे बीटी असेल तर फक्त त्याच जगतील आणि त्यांचे पतंग एकमेकांशीच जुळतील. पुढची सगळी पिढी तशीच निघेल. कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेले साधे पतंग भरपूर असतील, तर टिकाऊ पतंगाचा जोडीदार बहुधा साधा असेल. हा टिकाऊपणा बहुतांशी अप्रभावी गुण असल्यामुळे त्यांची संकरित पिले बीटी कपाशीवर मरतील. मेंडेलचा वाटाणा आणि डार्विनची निवड एकाच बांधावर भेटतात ती अशी. गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच जगते, म्हणून तिला हा बांध मुद्दाम लावावा लागतो. हिरवी बोंडअळी तीच हरभऱ्यावरची घाटेअळी. ती तुरीवर, हरभऱ्यावरही वाढते, त्यामुळे तिच्या साध्या पतंगांचा साठा आपोआप राहतो. हंगाम संपल्यावरही फरदड ठेवली, की गुलाबी अळीच्या आणखी पिढ्या त्याच निवडीतून जातात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे राखले, पुढे वांझ पतंगही सोडले, आणि २०१८ साली तेथे ही अळी संपल्याचे जाहीर झाले. जनुक तेच होते.

आमची सूचना मोठी नाही. तासिकेच्या सुरुवातीला वर्गातल्या प्रत्येकाची वीत पट्टीने मोजावी आणि फळ्यावर उभे स्तंभ काढावेत. एकाच वर्गात, एकाच वयाच्या मुलांत केवढा फरक आहे हे दिसले, की 'जिराफ' या एकवचनाचा दोष आपोआप कळतो. मग ओल्या मातीवर हिरवे मूग आणि मटकीचे दाणे प्रत्येकी पन्नास पसरावेत, चौघांना 'पक्षी' करून अर्ध्या मिनिटात जितके दिसतील तितके वेचायला सांगावे, उरलेल्यांतल्या प्रत्येकाला त्याच्यासारखे एक पिलू द्यावे आणि पुन्हा वेचावे. तीन फेऱ्यांत प्रमाण सरकलेले दिसते. मटकीने रंग बदलला का, असे शेवटी विचारावे. याच खेळाची दुसरी बाजू म्हणून हिरवळीवर तेच दाणे पसरता येतात. बहुधा उलटा निकाल लागतो. खेळात उणिवाही आहेत. मुगाला मूगच होतो, नवे बदल कोठून येतात हे त्यातून दिसत नाही, ते उत्परिवर्तनाच्या पाठात वेगळे सांगावे लागते.

आणि परीक्षेत 'डार्विनचा सिद्धांत लिहा' याऐवजी एखादे वर्ष असा प्रश्न घालून पाहावा: 'शेतकरी म्हणाला, फवारणी वाढवली म्हणून अळीने प्रतिकारशक्ती निर्माण केली. हे वाक्य दुरुस्त करून लिहा व शेताच्या कडेला साधी कपाशी लावण्याचे कारण सांगा.' तीन गुण. त्यांतला एक गुण, उत्तरात 'अळीने' हा शब्द कर्ता म्हणून आला नाही तर.